बॉल पायथन चावेल म्हणून माणूस घाबरतो, पण माणसाला बघून घाबरून गोळा होतो तो हा साप!

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करता करता असा एखादा व्हिडिओ समोर येतोच. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या कुठल्यातरी घरात एक मुलगी सोफ्यावर बसून टीव्ही बघतेय आणि तिच्या गळ्यात तपकिरी-काळ्या नक्षीचा जाडजूड साप आरामात पडलाय. खाली कमेंट्समध्ये फिरून फिरून दोनच प्रश्न असतात. "चावत नाही का?" आणि "याला खायला काय घालतात?"

गंमत म्हणजे, जे लोक हा साप हौसेने विकत घेऊन घरी आणतात, त्यांनाही पहिल्या रात्री हेच दोन प्रश्न छळतात. पेटी समोर असते, साप आत असतो आणि हात काही पुढे होत नाही. दोन आठवड्यांनी साप जेवायला नाही म्हणतो आणि मग तर धाबंच दणाणतं.

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती म्हणजे या सापाचा भित्रा स्वभाव.

नावातच भीती आहे

बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला साप. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. इंग्लंडमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली गवताळ माळरानं. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो मोठ्या प्रमाणावर जगभर गेला.

अजगर म्हटल्यावर डोळ्यांसमोर शेळी गिळणारं धूड येतं. हा मात्र साधारण तीन ते पाच फुटांवर थांबतो. माद्या नरांपेक्षा मोठ्या आणि जाड असतात. तो विषारी नाही. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून बसायचं आणि अंधार पडला की भक्ष्याच्या शोधात बाहेर पडायचं, हा त्याचा दिनक्रम.

धोका दिसला की तो अंगाचं वेटोळं घट्ट आवळतो, डोकं मधोमध लपवतो आणि चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. 'बॉल' हे नाव त्यावरूनच पडलं. त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे वरून येणारा एक अवाढव्य शिकारी. त्यामुळे पेटीपाशी दोन भित्रे जीव समोरासमोर आलेले असतात, एक बाहेर आणि एक आत.

पहिले दोन आठवडे: हात लावायचा नाही

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. साप घरी आला की लगेच फोटो, लगेच मित्रांना बोलावणं, लगेच गळ्यात घालणं. पण प्रवासाने हादरलेल्या सापाला त्या वेळी फक्त एकांत हवा असतो.

अनुभवी लोक पहिला आठवडाभर पेटीत फक्त पाणी बदलायला हात घालतात. पाच-सात दिवसांनी पहिलं खाणं देऊन बघतात. सापाने दोन-तीन वेळा नीट खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात होते.

तोवर लक्ष द्यायचं ते त्याच्या घराकडे. सापाला स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करता येत नाही, ती बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून पेटीचा एक कोपरा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू २५-२६ अंशांच्या आसपास ठेवतात. हिटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजण्याची भीती असते. हवेतली आर्द्रता ५५ ते ७० टक्के. आणि लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक काहीतरी निवडावं लागतं. भित्रा जीव सुरक्षितता निवडतो, थंडीत बसून राहतो आणि खाणं सोडतो.

उचलायचा कसा?

आधी हात साबणाने धुवायचे. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातालाच जेवण समजू शकतो. त्याच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता जाणवते. म्हणजे अंधारात उबदार, उंदराचा वास येणारी वस्तू पुढे आली की गैरसमज होणं साहजिकच आहे.

पेटी उघडल्यावर थेट हात घालायचा नाही. कागदाची गुंडाळी किंवा सापाची आकडी घेऊन त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा. रोज हे केलं की हा स्पर्श झाल्यावर जेवण येत नाही, हे सापाच्या सवयीचं होतं.

मग हात बाजूने न्यायचा, वरून कधीच नाही. वरून झडप घालतात ते शिकारी पक्षी. शरीराच्या मधल्या भागाखाली एक हात, मागच्या भागाखाली दुसरा, आणि एकदा ठरवलं की न अडखळता उचलायचं. हात पुढे-मागे करत राहिलं तर साप जास्त बिचकतो. डोकं पकडायचं नाही, शेपटीला लटकवायचं नाही. साप हातांतून सरकत राहतो, आपण फक्त त्याला आधार देत राहायचं.

सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरेत, तीही जमिनीवर किंवा पलंगावर बसून. म्हणजे दचकून साप सुटला तरी उंचावरून पडत नाही.

सापाची भाषा ओळखणंही सोपं आहे. जीभ सावकाश आत-बाहेर करत तो फिरत असेल तर ठीक. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढून तो स्थिर झाला किंवा फुत्कारला, तर त्याला तसाच राहू द्यायचं. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर तो कात टाकणार आहे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तेव्हा हाताळणी बंद.

हाताळून झाल्यावर पुन्हा हात धुवायचे. कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे त्यांना यापासून लांबच ठेवलेलं बरं.

आणि चावलाच तर?

चावण्याचे दोन प्रकार आहेत. घाबरून घेतलेला चावा क्षणात होतो आणि साप लगेच सोडतो. बारीक टोचल्यासारख्या खुणा उमटतात, थोडं रक्त येतं. साबण-पाण्याने जखम धुवायची, जंतुनाशक लावायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते बघायचं.

दुसरा प्रकार म्हणजे हाताला उंदीर समजून घेतलेला चावा. यात साप सोडत नाही, उलट हाताला वेटोळे घालतो. इथे हात हिसका देऊन ओढणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. त्याचे दात आत वळलेले असतात, ओढल्याने कातडी फाटते आणि सापाचे दातही तुटतात. अशा वेळी शांत राहून त्याच्या डोक्यावर गार पाणी सोडायचं आणि वेटोळी शेपटीकडून उलगडत यायचं. आपण उंदीर धरलेला नाही हे कळलं की साप सोडतो.

खायला काय घालायचं?

उत्तर सोपं आहे, उंदीर. शाकाहारी बॉल पायथन नसतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यासाठी गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात आणि अनेक घरांत ते फ्रीजरमध्ये वेगळ्या डब्यात असतात.

जिवंत उंदीर सोडण्यात क्रौर्य तर आहेच, शिवाय तो सापासाठीही घातक. भूक नसलेला साप गप्प बसतो आणि कोंडलेला उंदीर त्याला कुरतडतो. अशा खोल जखमा झालेले साप डॉक्टरांकडे येतात.

आकाराचा ठोकताळा असा की उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच जाड असावा. लहान सापाला वजनाच्या १० ते १५ टक्के. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला ३० ते ४५ ग्रॅमचा उंदीर. पिल्लांना पाच-सात दिवसांनी एकदा, तर पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरतं. रोज घास भरवायची सवय असलेल्या माणसाला हेच पचायला जड जातं!

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचा. मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, म्हणजे तो जिवंत प्राण्याइतका कोमट होतो. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, त्यात तो बाहेरून शिजतो आणि आत थंड राहतो. लांब चिमट्यात धरून सापासमोर हलकेच हलवायचा. सापाने झडप घातली, वेटोळे घातले की आवाज न करता बाजूला व्हायचं. पुढचे ४८ तास त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकू शकतो.

साप जेवतच नाही, आता काय?

नवख्याची खरी परीक्षा इथे असते. बॉल पायथन उपवासासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत किंवा विणीच्या हंगामात पूर्ण वाढलेला साप महिनोन् महिने खात नाही आणि तरी ठणठणीत असतो. कात टाकायच्या आधीही तो खाणं टाळतो.

घाबरलेला मालक मग रोज नवा उंदीर पुढे करतो, सापाला सारखा बाहेर काढून तपासतो, पेटीची मांडणी बदलतो. त्याने साप आणखी बिचकतो आणि आणखी खात नाही.

करायचं उलट असतं. आधी तापमान आणि आर्द्रता मोजायची. लपायच्या जागा अंगाला घट्ट बसणाऱ्या आहेत का ते बघायचं. हाताळणी थांबवायची. आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळनंतर, पुन्हा एकदा खाणं द्यायचं. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवायचं. दीड किलोच्या सापाचं वजन १५० ग्रॅमने उतरलं, श्वासाला घरघर लागली, तोंडातून फेस येऊ लागला किंवा तो तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. पिल्लू खात नसेल तर फार वाट बघायची नाही, त्याच्याकडे साठा कमी असतो.

हा साप घेणं म्हणजे वीस-तीस वर्षांची जबाबदारी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातली एक मादी १९६१ साली एका मालकाकडून तिथे आली होती. जुलै २०२० मध्ये तिने सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ असल्याचा अंदाज होता. तेही किमान १५ वर्षं नर जवळ नसताना!

भारतात पाळता येतो का?

भारतातले रानटी साप, मग तो नाग असो, धामण असो की आपला अजगर, घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांना या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत घेतलं आणि २०२४ मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियम आले. ही नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रांशिवाय कुणी "स्वस्तात देतो" म्हणत असेल, तर तो साप बहुधा तस्करीतून आलेला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले बॉल पायथन सापडले होते.

व्हिडिओ बघून हे मात्र करू नका

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे शेतात, परसात सापडणारी घोणस अंगाने जाड, तपकिरी आणि पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेली असते. तिला अजगराचं पिल्लू समजून लोक हातात घेतात. घोणस अत्यंत विषारी आहे आणि तिचं पिल्लूही जन्मापासून विषारी असतं. कुकरच्या वाफेसारखा मोठा फुत्कार ही तिची ओळख, पण ती दरवेळी फुत्कारेलच असं नाही.

रीलमधला साप शांत दिसतो कारण तो कोणता हे माहीत असतं आणि महिनोन् महिने त्याला धीराने माणसाची सवय लावलेली असते. अंगणात आलेल्या सापाबद्दल यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यापासून लांब उभं राहायचं, त्याच्यावर नजर ठेवायची आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

साप पाळीव असो की रानातला, त्याला आधी हवं असतं ते थोडं अंतर. ते मिळालं की पेटीतला साप हळूहळू हातावर येतो आणि अंगणातला साप बहुतेक वेळा आपल्या वाटेने निघून जातो.