मातीचा माळढोक

बेंदूर जवळ आला की बाजारात मातीच्या बैलजोड्या येतात. मातीचे बैल करणं आपल्याकडे फार जुनं आहे बरं का! पुणे जिल्ह्यात इनामगावला उत्खनन झालं, तेव्हा एका घराच्या जमिनीखाली मातीचा बैल सापडला, तीन हजार वर्षांहून जुना. पण बैल, हत्ती, घोडा सगळेच करतात. आपण आज माळढोक करू या.

हा पक्षी आपला शेजारी. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजच्या माळरानावर १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. उंची साधारण मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, आणि तरी उडतो!

मी पहिला माळढोक केला शेतातल्या काळ्या मातीचा. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगभर भेगा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानं भेगाळतात ना, तसंच. मग ओळखीच्या कुंभारमामांनी मातीत राख आणि घोड्याची लीद मळून दिली. ('शी!' म्हणू नका. भट्टीत लीद जळून जाते, बारीक छिद्रं उरतात आणि वाफेला वाट मिळते.)

दुसरी पंचाईत पायांची. बैलाचे पाय आखूड, जाड. माळढोकाचे लांब, काटकुळे. वर अंग ठेवलं की फतकल! मी आत तार घालायला निघाले, तर मामा म्हणाले, "ताई, माती आक्रसती, तार न्हाई आक्रसत. तडकंल की! त्यापेक्षा बसवा की त्याला."

आणि खरंच, माळढोकाची मादी उघड्या जमिनीवरच अंडं घालते, बहुतेक वेळा एकच. झाडावर ती बसूच शकत नाही, कारण पायाला पुढची तीनच बोटं. फांदी पकडायला मागचं बोट लागतं, ते नाही. तेव्हा अंड्यावर बसलेली मादी करायची, पायांचा प्रश्नच मिटला!

दोन वाट्या करा, बोटाएवढ्या जाडीच्या. कडांवर काडीने रेघोट्या ओढा, पातळ कालवलेली माती लावा आणि वाट्या एकमेकींवर दाबा. झालं पोकळ अंग. पोटाखाली सुईने भोक पाडायला विसरू नका, म्हणजे आतल्या हवेला बाहेर पडायला वाट राहील. मान लांब, डोकं चपटं. सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, मगच भट्टी. घाई केलीत तर आतल्या ओलीची वाफ होऊन फट्‌!

डोळे मात्र नीट लावा. मुलं ते माणसासारखे समोर लावतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचं छान दिसतं, नाकासमोरचं फारसं नाही. म्हणून उडताना विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत, आणि अंग जड, चटकन वळताही येत नाही. तारांना धडकून कितीतरी माळढोक मेले. माळरानंही नांगराखाली गेली. आज देशभरात जेमतेम दीडशे उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तर तो दिसेनासाच झाला आहे.

रंगवताना पाठ मातकट तपकिरी, मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी. छातीवरचा काळा पट्टा नराचा, आपल्या मादीला तो काढू नका.