फॉन्ट एकच, संगणक चार

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारासाठी लेबले आणि बिलबुके तयार करणाऱ्या, तसेच उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या छोट्या डीटीपी कार्यालयांत गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी मजकूर एकाच दिवशी तीन-चार संगणकांवर फिरत असतो. एका संगणकावर नीट जुळवलेली पत्रिका दुसऱ्यावर उघडताच विस्कटते, तेव्हा दोष बहुधा मजकुराचा नसतो, तर फॉन्टचा असतो.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचे आकार आणि ते कोणत्या संकेतांकांशी जोडलेले आहेत याची नोंद ठेवणारी फाइल. दस्तऐवजात मात्र सामान्यतः संकेतांक आणि फॉन्टचे नाव एवढेच साठवले जाते, आकार नव्हेत. मजकूर असूनही आकार नसणे ही अडचण सुरतेला फार जुनी आहे. येथील व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईला पाठवला, परंतु त्याला छापता येत असले तरी व्यापाऱ्यांच्या बनिया लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडता येत नव्हते, आणि खिळ्यांवाचून छापखाना अडून राहिला.

जुन्या भारतीय फॉन्टांनी ही अडचण वेगळ्या रीतीने वाढवली. ‘कृतिदेव’ किंवा गुजरातीतील ‘एलएमजी अरुण’ यांसारख्या फॉन्टांत देशी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्यामुळे, कृतिदेवात टाइप केलेला ‘भारत’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर एच, के, के, जे, आर अशा पाच निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिपींना स्वतंत्र संकेतांक मिळाल्यामुळे युनिकोड मजकूर फॉन्ट बदलला तरी वाचता येतो. मात्र अक्षरांची रुंदी बदलून ओळी खाली सरकायच्या त्या सरकतातच, आणि पत्रिकेत मुहूर्ताची वेळ पुढच्या ओळीत जाणे ग्राहकाला परवडत नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय असा, की सर्व फॉन्ट एका संगणकावरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि इतरांनी ते तेथूनच वापरावेत. विंडोजमध्ये फाइल नक्कल न करता तिचा केवळ शॉर्टकट बसवण्याची सोय आहे, पण ती सोय दिसते तितकी भरवशाची नाही. मुख्य संगणक बंद असला, राउटर अडला किंवा नेटवर्क जोडले जाण्यापूर्वीच प्रोग्राम उघडला, तर फॉन्ट सापडत नाही आणि प्रोग्राम गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. म्हणून शेअर फोल्डर हे फॉन्टचे कोठार म्हणून ठेवणे योग्य: त्यात बदल करण्याचा अधिकार एकालाच, इतरांना फक्त वाचण्याचा, आणि प्रत्येक संगणकावर तेथूनच एकाच आवृत्तीची प्रत बसवलेली. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत साध्या पद्धतीने बसवलेला फॉन्ट त्या वापरकर्त्यापुरताच राहतो, त्यामुळे एका संगणकावर दोघे पाळीपाळीने बसत असतील तर ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडावा लागतो. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या कार्यालयात राहू देणे हे फॉन्ट नसण्यापेक्षाही वाईट, कारण तेथे कोणतीही सूचना न येता ओळी हलतात.

नक्कल करता येते म्हणून ती करण्याची परवानगी असतेच असे नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारखे विकत घेतलेले फॉन्ट किती संगणकांवर वापरावेत हे परवान्यावर ठरते, आणि विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ उचलून लिनक्सच्या संगणकावर टाकणेही परवान्याला धरून नाही. याउलट ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरीसाठीचे ‘मुक्त’ आणि गुजरातीसाठीचे ‘मुक्त वाणी’, किंवा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद वडोदरा’ हे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली असल्याने कितीही संगणकांवर बसवता येतात.

छापखान्याकडे काम पाठवताना मात्र पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करावा, किंवा कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्हमध्ये रूपांतर करून, दुरुस्तीसाठी मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.