ठोके वाढवलेला संगणक का अडखळतो?

संगणकाचा वेग सांगताना आपण 'इतके मेगाहर्ट्झ' किंवा 'इतके गिगाहर्ट्झ' असे म्हणतो. प्रोसेसरला दर सेकंदाला घड्याळाचे किती ठोके मिळतात, ते हा आकडा सांगतो. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. हा आकडा कारखान्यातून ठरून येतो, पण ती काही काळ्या दगडावरची रेघ नसते. संगणक सुरू होताना जी प्राथमिक मांडणी वाचली जाते, तिच्यात बदल करून ठोके वाढवता येतात. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. फुकटात वेग मिळतो म्हणून अनेक हौशी लोक हे करतात. त्यांपैकी काहींचा संगणक मग मधूनच बंद पडतो, पडद्यावरचे चित्र गोठते, कालपर्यंत उघडणारी फाइल आज उघडत नाही.

असा दोष कसा शोधायचा, ते या लेखात पाहू. त्यासाठी असा संगणक जवळ असलाच पाहिजे असे नाही. शोधाची रीत तीच आहे, जी आपण प्रयोगशाळेत मुलांना शिकवतो.

ठोका कशासाठी?

शाळेच्या मैदानावरची कवायत आठवा. सर 'एक' म्हणतात, सगळे हात वर जातात. 'दोन' म्हणतात, हात बाजूला येतात. आकडे सावकाश पडत असतील तर सगळी रांग एकसारखी दिसते. आकडे भरभर पडू लागले की कोणाचा तरी हात अर्ध्यातच राहतो. तो हात नेहमी सर्वांत हळू हलणाऱ्या मुलाचा असतो. म्हणजे रांगेचा वेग सरासरीवर ठरत नाही, सर्वांत मंद मुलावर ठरतो.

प्रोसेसरमध्ये हेच घडते. एका ठोक्याला निघालेला संकेत अनेक ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून जातो आणि पुढच्या ठोक्याच्या आत त्याला मुक्कामी पोचावे लागते. ३०० मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ३.३३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० मेगाहर्ट्झला फक्त २.२२. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६ सेंटिमीटर जातो! सर्वांत लांब साखळीतला संकेत वेळेत पोचला नाही, तर पुढचा टप्पा जुनीच किंमत उचलतो. १ च्या जागी ० वाचला जातो. यंत्र मोडलेले नसते. उत्तर तयार होण्यापूर्वीच ते उचललेले असते.

मग कारखान्याच्या आकड्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालतोच कसा? कारण कारखाना मोकळीक ठेवतो. उन्हाळा, कमीजास्त होणारा वीजपुरवठा, काही वर्षांची झीज एवढे सगळे सोसूनही उत्तर बरोबर यावे, असा आकडा ठरवलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही मोकळीक खर्च करत असतो.

उष्णता आणि व्होल्टेज

या मोकळिकीवर दोन गोष्टींचा परिणाम होतो. पहिली उष्णता. तापमान वाढले की स्फटिकातील अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात आणि संकेत मंदावतात. दुसरी व्होल्टेज. ते वाढवले तर ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात, संकेत वेगाने जातात. म्हणून ठोके वाढवणारे लोक थोडे व्होल्टेजही वाढवतात.

पण इथे एक पेच आहे. उघडझापीत खर्च होणारी शक्ती ठोक्यांच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके ३०० वरून ४५० केले आणि व्होल्टेज २.० वरून २.२ केले, तर शक्ती १.५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट होते. ती सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एका हाताने संकेताला वेग दिला, दुसऱ्या हाताने तो काढून घेतला, असे होऊ शकते.

शिवाय जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होते. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर, कोणी ठोके वाढवले नसतानाही, अस्थिर होऊ लागले. वाढलेले व्होल्टेज आणि तापमान यांमुळे घड्याळाचे ठोके पोचवणाऱ्या मंडलाची झीज होते, असे कंपनीने तपासाअंती जाहीर केले. व्होल्टेजवर नियंत्रण ठेवणारी सुधारणा तिने दिली, परंतु आधीच झिजलेले प्रोसेसर त्या सुधारणेने बरे होणारे नव्हते.

एक गाजलेले उदाहरण

दोष नेहमी प्रोसेसरमध्येच असतो का? नाही. यासाठी इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचे उदाहरण पाहू. तो ऑगस्ट १९९८ मध्ये आला आणि हौशी मंडळींत फार लोकप्रिय झाला.

प्रोसेसरचे ठोके दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरत. पहिला, मदरबोर्डवरील मुख्य वाहिनीचे ठोके, दुसरा, गुणक. ३००ए साठी हे आकडे ६६ आणि ४.५ असे होते. गुणक कारखान्यातच पक्का केलेला असल्याने वाढवायची ती वाहिनी. ती १०० मेगाहर्ट्झ केली की प्रोसेसर ४५० वर चाले, आणि बरेच नग तिथे खरोखर चालत. पण त्या वाहिनीवर प्रोसेसर एकटा नव्हता. मेमरी तिच्याच ठोक्याने चाले. हार्ड डिस्कचा नियंत्रक ज्या पीसीआय वाहिनीवर असे, तिचे ठोकेही मुख्य वाहिनीला भागून मिळत.

आता गंमत पाहा. सावधपणे थोडेच वाढवावे म्हणून कोणी वाहिनी ८३ वर ठेवी. प्रोसेसर ३७४ वर जाई, म्हणजे ४५० पेक्षा बराच कमी. पण त्या काळच्या प्रचलित मदरबोर्डांवर ८३ ला भाजक २ असे आणि १०० ला ३. म्हणून ८३ वर पीसीआयला ३३ ऐवजी ४१.५ मेगाहर्ट्झ मिळत, तर १०० वर तिला तिचे नेहमीचे ३३ च मिळत. 'सावध' माणसाच्या डिस्कवरील फाइली बिघडण्याचा धोका अधिक होता आणि तो बिचारा प्रोसेसरला दोष देत बसे!

आजच्या संगणकांत गुणक आणि वाहिन्या बऱ्याच अंशी वेगळ्या केलेल्या आहेत, पण धडा तोच आहे. आपण एक आकडा बदलतो तेव्हा नेमके काय काय बदलते, ते आधी कागदावर लिहावे.

दोष शोधण्याची रीत

पहिली पायरी: महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. चुका करणारा संगणक डिस्कवरही चुकाच लिहितो.

दुसरी पायरी: सगळे आकडे मूळ ठिकाणी आणा. मेमरीचे सुद्धा. एक्सएमपी नावाची तयार मांडणी चालू केली असेल तर तीही बंद करा, कारण बहुतेक वेळा तेही एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच असते. एवढे करून दोष तसाच राहिला, तर ठोके वाढवण्याकडे बोट दाखवता येणार नाही. मग वीजपुरवठ्याचा संच, सैल जोडणी, खराब डिस्क, धुळीने बसलेला पंखा किंवा एखादा प्रोग्राम यांची चौकशी करावी. वाढीव व्होल्टेजने आधीच झालेली झीज हीही शक्यता ध्यानात ठेवावी. मात्र दोष गेला, तर तुलनेसाठी एक भक्कम आधार मिळाला.

तिसरी पायरी: मेमरी एकटी तपासा. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम विंडोज वगैरे सुरू न करता थेट चालतो. तो मेमरीत ठराविक आकृत्या लिहितो आणि परत वाचतो. रात्रभर चालू द्यावा. 'एकच चूक आली' असे म्हणून ती सोडून देऊ नये. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, मग खाचा बदलून पाहा. चूक पट्टीबरोबर फिरते की खाचेपाशीच राहते?

चौथी पायरी: प्रोसेसरला राबवा. प्राइम९५ हा प्रोग्राम मुळात फार मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वॉल्टमन यांनी लिहिला. त्यांचा हा उपक्रम १९९६ साली सुरू झाला. एका संख्येची चाचणी अखंड दिवसेंदिवस चाले आणि मध्ये एक अंक जरी चुकला तरी सगळे श्रम वाया जात. म्हणून त्यात ताणाची चाचणी आहे: उत्तर आधीच ठाऊक असलेली गणिते करून घ्यायची आणि ताडून पाहायची. लहान गणिते प्रोसेसरच्या आतच मावतात, मोठ्यांना मेमरी लागते. लहान गणिते बरोबर आणि मोठी चूक, तर मेमरीवर किंवा तिच्या नियंत्रकावर संशय घ्यावा. लहानही चूक, तर प्रोसेसरवर.

पाचवी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला. डब्याचे झाकण काढून टेबलफॅनचा वारा द्या. चुका थांबल्या तर उष्णता कारणीभूत आहे. थांबल्या नाहीत, तर ठोके एक पायरी खाली आणा. फॅन, ठोके आणि व्होल्टेज हे तिन्ही एकदम बदलले तर संगणक कदाचित सुधारेल, पण का सुधारला ते कळणार नाही. प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम, खोलीच्या तापमानासकट, वहीत लिहा. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर असणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, तेच काम करताना ९० च्या जवळ जातो. हिवाळ्यातली चाचणी उन्हाळ्याची हमी देत नाही.

सीमा सापडली की तिच्यावरच थांबू नये. एक-दोन पायऱ्या मागे यावे.

चाचणी पास म्हणजे काय?

समजा, ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सरासरी एक लाख कोटी ठोक्यांत एकदा चुकतो. ऐकायला ही चूक नगण्य वाटते. भागाकार करून पाहा: दर ३७ मिनिटांनी एक चूक! आता तो याच्या शंभरपट चांगला आहे असे धरू. मग सुमारे ६२ तासांत एक चूक होईल. अशा संगणकाची तासाभराची चाचणी बहुतेक वेळा निर्दोष पार पडेल. २४ तासांची चाचणीसुद्धा तीनपैकी दोन वेळा निर्दोष पार पडेल. म्हणजे एक चूक दोष सिद्ध करते, पण चूक न दिसणे निर्दोषपणा सिद्ध करत नाही. तोपर्यंत दोष सापडला नाही, एवढेच म्हणता येते.

आणि प्रत्येक चुकीने संगणक बंद पडतोच असे नाही. बंद पडला तर एका अर्थाने बरेच, निदान आपल्याला कळते. ७८ ही संख्या द्विमान पद्धतीत १००१११० अशी लिहितात. डावीकडचा एकच अंक १ चा ० झाला की उरतात १४. एखाद्या मुलीचे ७८ गुण १४ होतील, बेरीज त्यावरच पुढे चालेल, आणि पडद्यावर कोणतीही सूचना येणार नाही. २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख संगणकांच्या नोंदी तपासल्या. ठोके वाढवलेल्या संगणकांत प्रोसेसरच्या चुकांनी बंद पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. ही मोजणी बंद पडलेल्यांची होती. गुपचूप चुकलेल्या बेरजा तिच्यात येऊच शकत नाहीत.

म्हणून आमचे मत असे, की खेळांसाठीच्या संगणकाचे ठोके हौसेने वाढवायला हरकत नाही, पण गुणपत्रके, हिशेब किंवा प्रयोगाची निरीक्षणे ज्यावर आहेत त्या संगणकाचे वाढवू नयेत.

वर्गात करून पाहा

दहा मुलांना ओळीत बसवा. पहिल्याला १५ ही संख्या लिहिलेली चिठ्ठी द्या. प्रत्येकाने तीत ७ मिळवून, उत्तर लिहून, टाळी वाजताच चिठ्ठी पुढे द्यायची. पाचव्याने मात्र ७ मिळवण्याऐवजी ३ ने गुणायचे. शेवटचे उत्तर १६४ आले पाहिजे. वेगवेगळ्या संख्यांच्या चिठ्ठ्या एकामागून एक सोडत राहा आणि दर फेरीला टाळ्यांचा वेग थोडा वाढवा. टाळी वाजली की उत्तर अर्धवट असले तरी चिठ्ठी पुढे गेलीच पाहिजे, हा नियम कडक ठेवा.

कोणत्या वेगाला पहिली चूक येते? ती प्रत्येक चिठ्ठीत येते की अधूनमधून? नुसते शेवटचे उत्तर पाहून चूक कोणाची ते सांगता येते का? आता पाचव्या आणि सातव्या मुलाची जागा बदला, काम मात्र जागेला बांधलेले राहू द्या. चूक मुलाबरोबर गेली की पाचव्या जागेपाशीच राहिली? पहिल्या प्रकारात मूल मंद आहे, दुसऱ्यात काम जड आहे. हे एवढे मुलांनी स्वतः शोधले, की प्रोसेसर, मेमरी आणि मदरबोर्ड यांतला दोषी कसा ओळखायचा ते त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.