टेट्रिसचे हक्क कोणाचे?

व्हिडिओ गेमचा कॉपीराइट एकाकडे, तो विकण्याचा परवाना दुसऱ्याकडे आणि ज्या यंत्रावर तो चालतो ते यंत्र तिसऱ्याचे, अशी या धंद्याची नेहमीची रचना असते. परवाना देताना हक्कांचे तुकडे पडतात: घरगुती संगणक, टीव्हीला जोडायचा कन्सोल, हातात मावणारे यंत्र, नाणे टाकून खेळायचे यंत्र. देश आणि मुदतही वेगवेगळी ठरते. मोबदला बहुधा आगाऊ रक्कम आणि विक्रीवरची रॉयल्टी असा असतो. आगाऊ दिलेले पैसे सहसा पुढच्या रॉयल्टीतून वळते करून घेतात. हे तुकडे करारात नीट आखले नाहीत तर काय होते, ते ‘टेट्रिस’च्या वादात दिसले.

मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये हा खेळ रचला आणि पुढे त्याचे हक्क दहा वर्षांसाठी सरकारी यंत्रणेकडे सोपवले. परदेशी व्यवहार ‘एलॉर्ग’ ही सरकारी संस्था पाहू लागली. रॉबर्ट स्टाइन या मध्यस्थाने मात्र मॉस्कोशी करार होण्याआधीच, टेलेक्सवरील पत्रव्यवहाराच्या भरवशावर, हक्क मिररसॉफ्ट या ब्रिटिश कंपनीला विकून टाकले. ते पुढे अटारी गेम्सकडे गेले आणि तिची टेंजेन ही कंपनी निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी टेट्रिसची कार्ट्रिज काढायला निघाली.

फेब्रुवारी १९८९ मध्ये गेम प्रकाशक हेंक रॉजर्स निन्टेन्डोच्या वतीने हातातल्या यंत्राचे हक्क मागायला मॉस्कोत पोहोचले. त्यांनी दाखवलेली कन्सोलची कार्ट्रिज पाहून एलॉर्गचे निकोलाय बेलिकोव चकित झाले, कारण संस्थेने कन्सोलचे हक्क कोणालाच दिले नव्हते. बेलिकोव यांनी स्टाइनच्या करारात दुरुस्ती करून घेतली: संगणक म्हणजे कीबोर्ड, मॉनिटर आणि डिस्क ड्राइव्ह असलेले यंत्र. या एका कलमाने कन्सोल त्या कराराबाहेर गेला. कन्सोलचे हक्क निन्टेन्डोला मिळाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी न्यायालयाने टेंजेनच्या विक्रीला मनाई केली. अमेरिकेत निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रासोबत टेट्रिस दिला गेला आणि घरोघरी पोहोचला. पाजित्नोव यांना रॉयल्टी मिळू लागली ती १९९६ मध्ये, रॉजर्स यांच्यासह ‘द टेट्रिस कंपनी’ स्थापन केल्यावर.

कॉपीराइट नेमका कशाला मिळतो, हा पुढचा प्रश्न. खेळाची कल्पना आणि नियम कोणीही वापरू शकतो. संरक्षण मिळते ते कोड, चित्रे, संगीत आणि मांडणीला. २०१२ मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने ‘मिनो’ या खेळाविरुद्ध निकाल दिला, तो नियम सारखे होते म्हणून नव्हे, तर टेट्रिसच्या ठोकळ्यांचे रूप आणि पटाची मांडणी जवळपास जशीच्या तशी उचलली होती म्हणून.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. म्हणून गेम बनवणाऱ्याने कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी करार वाचावा आणि कोणत्या यंत्रासाठी, किती काळ व किती वाट्यावर हक्क देत आहोत, हे त्यात लिहून घ्यावे.