ल्यों शहरांतील तीन दिवस

देशाटन करणारे पुष्कळ लोक शहर डोळे भरून पाहतात, परंतु पोटाला मात्र मिळेल तें घालतात. फ्रान्समध्यें असें करणें म्हणजे अर्धा देश न पाहतांच परतणें होय. उत्तरेस लोणी, दक्षिणेस ऑलिव्हचें तेल, असा तेथें चुलीचाहि भूगोल आहे. तेव्हां ज्याच्या हातीं तीनच दिवस आहेत त्यानें साऱ्या फ्रान्सची चव घेण्याचा हव्यास सोडून एकच शहर निवडावें. असें शहर म्हणजे ल्यों.

रोन व सोन या नद्यांच्या संगमावर तें वसलें आहे. उत्तरेस बोजोलेचे द्राक्षमळे, ईशान्येस ब्रेसच्या नामांकित कोंबड्या, दक्षिणेस रोनच्या खोऱ्यांतील फळबागा. या सर्व मुलखाचा माल येथील बाजारांत येतो. पॅरिसहून वेगवान आगगाडीनें दोन तासांत तेथें पोहोंचतां येतें.

परंतु तेथील खाणें मुळांत श्रीमंतीचें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत क्र्वा-रूस टेकडीवर रेशमी कापड विणणारे कारागीर राहत. मजुरीच्या दरापायीं १८३१ सालीं त्यांनीं उठाव केला. १८३४ सालीं पुन्हां केला. स्वस्तांत मिळणारी वजडी, आतडीं, डुकराचे पाय यांवर कामकऱ्यांना भागवावें लागे. त्याच जिनसांना निगुतीनें रुचि आणून ‘बुशों’ नांवाच्या लहान खानावळींचें पाकशास्त्र घडलें.

त्याला लौकिक मिळवून दिला तो धनिकांच्या घरीं स्वयंपाक करून पुढें स्वतःची खानावळ काढणाऱ्या स्त्रियांनीं. लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांपैकीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या यूजेनी ब्राझिये हिनें १९२१ सालीं आपली खानावळ उघडली. १९३३ सालीं मिशेलिन मार्गदर्शिकेनें तिच्या दोन खानावळींना प्रत्येकीं तीन तारे दिले. जगविख्यात आचारी पॉल बोक्यूझ हा तरुणपणीं तिच्याच हाताखालीं शिकला.

बेत आंखतांना पहिला विचार वाराचा करावा. कित्येक बुशों रविवारीं व सोमवारीं बंद असतात. सोनच्या कांठचा सेंत-आंत्वान बाजारहि सोमवारीं भरत नाहीं. म्हणून मंगळवारीं पोहोंचून शुक्रवारीं निघावें हें उत्तम. दुपारचें जेवण साधारणतः बारा ते दोन या वेळांतच मिळतें. खानावळी लहान असल्यामुळें जागा आधींच राखून ठेवावी. चौकडीचे टेबलपोस पाहून भुलूं नये. अस्सल बुशोंना शहराच्या व्यापारी मंडळानें २०१२ पासून खूण देण्यास आरंभ केला आहे, ती दारावर पाहावी.

पहिल्या दिवशीं सकाळीं बाजार पाहावा व दुपारीं ‘कनेल’ मागवावें. पाइक माशाचें मांस वाटून, अंडें व लोणी घालून केलेले हे मऊ मुटके होत. दुसऱ्या दिवशीं क्र्वा-रूस चढावें. उंच माग मावावेत म्हणून बांधलेलीं उंच छतांचीं घरें पाहून खालीं आल्यावर ‘विणकऱ्याचा मेंदू’ हा पदार्थ खावा. नांव भयंकर असलें तरी तें चक्क्यासारखें ताजें चीज असून त्यांत कांद्याची पात व औषधि-वनस्पति घालतात. तिसऱ्या दिवशीं पावाचा चुरा लावून तळलेली वजडी चाखावी आणि गुलाबी साखरबदामांच्या गोड पोळीनें समाप्ति करावी. शाकाहारी माणसानें मात्र प्रत्येक वेळीं विचारून घ्यावें. तेथील प्रसिद्ध हिरव्या कोशिंबिरींतहि डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

वजडीचें नांव ऐकून नाक मुरडणारा आणि ओळखीचें कांहींतरी मागवणारा मांसाहारी प्रवासी ल्योंला जाऊनहि तें पाहत नाहीं. ज्या कामकऱ्यांनीं आपल्या दारिद्र्यालाहि चव आणली त्यांची खरी ओळख त्या ताटांतच आहे. आणि ती करून घेण्यास तीन दिवस पुरेसे आहेत.