इंजिन उघडण्याआधी

सकाळी ८.३०

उद्यमनगरातले लेथ सुरू व्हायच्या आत माझं शटर वर जातं. आज त्याआधीच दारात पांढरी मारुती ८०० उभी. १९९८ ची, कार्बोरेटरवाली, मागं एलपीजीची टाकी. मालक निवृत्त गुरुजी, हातात फाईल. फेरनोंदणी झालेली, किटची नोंद आरसीवर, सगळं जागच्या जागी.

"मिस्त्री, पन्हाळा चढत न्हाई बघा. वाघबीळच्या पुढं पहिल्या गिअरवर न्यावी लागली. एका ठिकाणी दाखवली, तर म्हणाले रिंगा गेल्या, फुल इंजिन करा."

"त्यांनी कॉम्प्रेशन बघितलं का?"

"न्हाई. आवाज ऐकला आणि सांगितलं."

चहा सांगितला. नुसत्या आवाजावर फुल इंजिन सांगणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत.

९.१५

गाडी चालू ठेवून गरम होऊ दिली. थंड इंजिनवर घेतलेल्या मापाचा काही भरवसा नसतो. तोवर निरखून घेतलं. तीन सिलिंडरचं इंजिन थरथरतंच, पण ही थरथर जास्त होती. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेपाशी. ऑइलचं झाकण काढलं, तर वाफ बेताचीच. रिंगा खरंच गेल्या असत्या तर इथंच भकाभक धूर आला असता.

मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. एक आणि तीनची काढली की इंजिन गचके खातं. दोनची काढली, काही फरक नाही. म्हणजे दोन नंबर मारतच नव्हता. वायर आणि प्लग बदलून पाहिले. तसंच.

१०.००

तिन्ही प्लग काढले. एकच काढून माप घेणारे आहेत, पण मग उरलेल्या सिलिंडरचा भार सेल्फवर येतो आणि इंजिन हवं तसं फिरत नाही. कॉइलची मधली वायर काढून बॉडीला टेकवली, गॅस-पेट्रोलचं बटण मधोमध ठेवलं. बॅटरी चार्ज आहे ना, तेही बघितलं. पोऱ्याला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. हे विसरलं तर कार्बोरेटरची झडप बंद राहते, इंजिनला हवा मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं.

"मार सेल्फ!"

प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. एक नंबर १५०, तीन नंबर १४५, दोन नंबर ८५. आकडे पीएसआयमध्ये. शेवटच्या आकड्याइतकंच माझं लक्ष पहिल्या ठोक्यावर असतं. चांगला सिलिंडर पहिल्याच ठोक्याला अर्ध्याच्या वर जातो. रिंगा झिजलेल्या असतील तर काटा प्रत्येक ठोक्याला थोडाथोडा चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिल्यापासूनच खाली असतो आणि खालीच अडखळतो. दोनचा काटा अडखळला.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले असते, तर मधल्या हेड गॅस्केटवर संशय गेला असता. तिन्ही कमी आले असते, तर आधी टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते बघितलं असतं. इथं एकटा दोनच मागं होता.

१०.४५

ओली चाचणी. दोन नंबरच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, सेल्फ थोडा फिरवला आणि परत माप घेतलं. ऑइल पिस्टनच्या कडेनं बसून रिंगांच्या फटी घटकाभर बुजवतं. दोष रिंगांचा असेल तर काटा झपकन वर जातो. आमचा ८५ वरून ९० वर गेला, बस्स. रिंगा सुटल्या. गुरुजींना आकडे कागदावर लिहून दिले. त्यांनी तारीख घातली.

११.०० ते २.३०

टॅपेट थंड इंजिनवर बघायचे, म्हणून बॉनेट उघडं टाकून गाडी सावलीत ढकलली. मधल्या वेळात एका ओम्नीचे ब्रेक शू, एक क्लच वायर, जेवण.

२.३०

टॅपेट कव्हर काढलं. दोन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ फिलर गेजसुद्धा जाईना. फट शून्य!

गॅसवरच्या जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. गॅस कोरडा, पेट्रोलसारखं सीटला वंगण मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट मिटते आणि तो नीट टेकेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकला नाही की कड जळायला लागते.

"पण आवाज तर कमी झाला होता हो. मला वाटलं, सुधारली," गुरुजी म्हणाले.

तिथंच माणूस फसतो. फट वाढली की टॅपेट टकटक करतो आणि मालक धावत येतो. फट मिटली की इंजिन गप्प होतं आणि मालक निर्धास्त होतो. वाजणारा टॅपेट केव्हाही परवडला.

फटी पुस्तकाप्रमाणं लावल्या.

४.००

गाडी पुन्हा गरम केली, पुन्हा माप. दोन नंबर १२०. गुरुजींचा चेहरा खुलला, माझा नाही. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा, हा अजून वीस आहे.

कॉम्प्रेसरची हवा लावून बघायची ठरवलं. दोनचा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पोऱ्या पुलीच्या नटाला पाना लावून धरून उभा, नाहीतर हवेनं इंजिन फिरतं. प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि कान लावला. कार्बोरेटरकडं शांत. ऑइलच्या झाकणापाशी नेहमीची बारीक फुसफुस, ती नव्या इंजिनातही असते. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट सूं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड थोडी जळलीच होती.

५.३०

गुरुजींना सायलेन्सरपाशी बसवून आवाज ऐकवला. आता त्यांना माझ्या शब्दावर विसंबायचं कारण नव्हतं. हेड उतरवायचं, समोरच्या लेथवर सीट कापून घ्यायची, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, बाकीचे पेस्टनं घासायचे, गॅस्केट नवं. ब्लॉकला, पिस्टनला हात लावायचा नाही. फुल इंजिनच्या मानानं खर्च पुष्कळ कमी. सोमवारी गाडी ठेवायची ठरली. तोवर गावात चालवा, पन्हाळ्यावर नेऊ नका, असं सांगितलं.

जुनी गाडी गॅसवर चालवत असाल, तर दर दहा हजार किलोमीटरला थंड इंजिनवर टॅपेट तपासून घ्या. आणि कुणी रिंगा गेल्या म्हणालं, तर होकार देण्याआधी कॉम्प्रेशनचे कोरडे आणि ओले, दोन्ही आकडे कागदावर मागा.