दोन दिवसांची दुकानदारी, वर्षभराचा आधार

डिसेंबरच्या 1 आणि 2 तारखेला शांतिनिकेतनच्या कलाभवनात वर्ग भरत नाहीत, दुकाने लागतात. एरवी जिथे विद्यार्थी रेखाटने करत बसतात, तिथे मांडव उभे राहतात आणि त्याच विद्यार्थ्यांनी व त्यांच्या शिक्षकांनी केलेल्या वस्तू विकायला येतात. हाताने छापलेली कॅलेंडरे, डायऱ्या, भेटकार्डे, मातीची भांडी, दागिने, मुद्राचित्रे असा सगळा माल. खाण्याचे ठेलेही विद्यार्थीच चालवतात. संध्याकाळी गाणी आणि नाच. हा नंदन मेळा. 1973 साली तो सुरू झाला. 3 डिसेंबर हा कलाभवनात शिकवलेले चित्रकार नंदलाल बोस यांचा जन्मदिवस. त्याच्या आधीच्या दोन दिवसांत मेळा उरकतो आणि गल्ल्यात जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या कल्याण निधीत जातो.

निधी कशासाठी, तर घरापासून लांब राहणारा एखादा विद्यार्थी आजारी पडला, अपघातात सापडला, तर उपचाराचा पैसा ऐनवेळी हाताशी असावा म्हणून. एरवी मदतीसाठी चित्रांचा लिलाव करायची रीत आहे. नामवंत चित्रकार एक चित्र देतो, कुणीतरी धनिक ते घेतो, दोघांचे फोटो छापून येतात आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो कोपऱ्यात उपकृत चेहऱ्याने उभा असतो. नंदन मेळ्यात देणारा आणि घेणारा असे दोन पक्षच नाहीत. ज्याला या वर्षी निधीची गरज लागेल, त्यानेच गेल्या वर्षी ठेल्यावर बसून कॅलेंडरे विकलेली असतात.

मेळा सुरू झाला तेव्हा कलाभवनाची धुरा दिनकर कौशिक यांच्याकडे होती. मूळचे धारवाडचे कौशिक स्वतः नंदलालांचे विद्यार्थी. पुढे त्यांनी गुरूचे चरित्रही लिहिले. पण मेळा भरवायची सवय या भूमीला त्याहून कितीतरी जुनी. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर यांनी 1888 साली शांतिनिकेतनचा न्यासलेख केला, त्यातच मेळ्याची तरतूद होती. त्यानुसार 1894 पासून पौष मेळा भरू लागला. आसपासच्या खेड्यांतले कारागीर माल घेऊन येत, बाउल गात, शेतकरी खरेदी करत. 1919 साली कलाभवन स्थापन झाले ते अशा मेळ्याच्या शेजारी. इथल्या चित्रकाराला गिऱ्हाईक म्हणजे कोण, हे पाहायला कलादालनात जावे लागले नाही.

नंदलालांनी ते नीट पाहिले. सगळे त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत. चित्र भिंतीवर टांगायचे आणि मडके स्वयंपाकघरात ठेवायचे, अशी प्रतवारी मास्टरमोशायांना मान्य नव्हती. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. गांधीजींनी अधिवेशननगरी सजवायला नंदलालांना बोलावले आणि अट घातली की आसपास मिळेल तेच साहित्य वापरायचे. नगरी बांबूची उभी राहिली. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रे स्वतः रंगवली. विषय ढोलकी वाजवणारा, पहिलवान, चांभार, सूत कातणारी बाई. ठसठशीत रेषा, हातकागद, मातीचे रंग. कालीघाटचे पटुवे देवळाच्या दाराशी यात्रेकरूंना स्वस्तात चित्रे विकत, त्या पटचित्रांचा वेग त्यांत उतरलेला आहे. ही चित्रे दालनात नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर लावली होती.

नंदन मेळ्याचा माल या वळणाचा आहे, आणि त्यातले कॅलेंडर जवळून पाहिले की ते कळते. लिनोलियमच्या तुकड्यावर आधी उलटे चित्र काढायचे, कारण छापल्यावर ते सुलटे होते. अक्षरे आणि आकडेसुद्धा उलटेच. मग जे पांढरे राहायला हवे ते कोरणीने काढून टाकायचे. एकदा निघालेला कपचा परत बसत नाही, त्यामुळे कोरताना घाई चालत नाही. रुळाने शाई फिरवायची ती इतकी पातळ की खाचांत उतरता कामा नये. कागद ठेवून दाब द्यायचा आणि एका कोपऱ्याला धरून अलगद उचलायचा. पहिली प्रत बहुतेक फिकी येते, शाई बसत गेली की पुढच्या ठीक येतात. एका ठशातून शंभर प्रती निघाल्या तरी एकही नक्कल नसते. शंभरही अस्सलच. म्हणून तर मेळ्याला हे माध्यम सोयीचे. शिक्षकाचा तुटपुंजा पगार असो की विद्यार्थ्याचा खिसा, कलावंताच्या हातचे काहीतरी घरी नेणे परवडते. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठी 1930 साली नंदलालांनी लिनोकटच केले होते. बंगालमधल्या कितीतरी पिढ्यांनी चित्र म्हणून पहिल्यांदा पाहिले ते हेच.

याच परंपरेची एक फांदी पश्चिमेला आली. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हे केरळचे, शिकले कलाभवनात, शिकवायला बडोद्याला. काही काळ मुंबईत हातमाग मंडळात काम करून ते बडोद्याला परतले आणि 1961 पासून तिथल्या ललित कला विद्याशाखेत मेळा भरू लागला. सुब्रमण्यन यांनी या मेळ्यांसाठी खेळणी केली. लाकडाचे ठोकळे, मणी, चामड्याचे तुकडे जोडून वाघ, घोडे, माणसे. भारतीय कलेवरचे एवढे मोठे भाष्यकार, पण पोराच्या हातात टिकेल असा घोडा करताना त्यांना कमीपणा वाटला नाही. 1980 साली ते पुन्हा शांतिनिकेतनला गेले. कलाभवनातल्या एका इमारतीच्या भिंती त्यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरलेल्या आहेत.

मेळ्याला एक अडचण आहे आणि ती त्याच्या यशातूनच येते. नामवंत शिक्षकाच्या हातची वस्तू इथे स्वस्तात मिळते, म्हणजे ती उचलून पुढे चढ्या भावाने विकायची वाटही उघडी राहते. किंमत वाढवावी तर शेजारच्या बोलपूरच्या शाळामास्तराला मेळा परका होतो, न वाढवावी तर नफा भलत्याच्याच खिशात जातो. यावर रामबाण उपाय नाही. पण बहुतेक माल सामूहिक असतो, ठसा एकाने कोरला, छापला दुसऱ्याने, शिवण तिसऱ्याची, यामुळे सहीचा बाजार थोडा तरी आवरतो.

आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांत वार्षिक प्रदर्शने भरतात, बक्षिसे वाटली जातात, कामे पुन्हा गुंडाळून ठेवली जातात. नंदन मेळा वेगळा ठरतो तो विद्यार्थ्याला दोन गोष्टी एकदम शिकवतो म्हणून. आपले काम अनोळखी माणसाने पैसे मोजून घेण्याजोगे असले पाहिजे, ही एक. आणि तो पैसा आपल्या एकट्याचा नाही, ही दुसरी. पहिली कुठलाही बाजार शिकवतो. दुसरी शिकवायला शेजारच्या बाकावरच्या मुलाचे औषधपाणी आपल्यावर आहे, असे मानणारी शाळा लागते.